सोन्याची खिडकी बंद झाली तेव्हा खोलीत कोण कोण होतं?

जुना_गल्लेवाला

मंडळी, मागे रुपयाच्या घसरणीवरच्या धाग्यात एकानं मला विचारलं होतं, "काका, दर शेवटी ठरवतं कोण? बाजार, रिझर्व्ह बँक की पंतप्रधान?" तेव्हा मी उत्तर टाळलं, कारण ते दोन ओळींत मावणारं नव्हतं. आज सविस्तर लिहितो. उदाहरण मात्र आपल्याकडचं नाही, १९७१ सालच्या अमेरिकेचं आहे.

मी १९७४ साली फोर्टमधल्या एका सरकारी बँकेत परकीय चलन विभागात चिकटलो. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी जुनं दरांचं रजिस्टर उघडून दाखवलं. रोज लंडनहून टेलेक्स आला की डॉलर, मार्क, येन, फ्रँक असे रकाने भरायचे. साहेबांनी बोट ठेवलं ती ओळ होती सोमवार, १६ ऑगस्ट १९७१ ची. सगळ्या रकान्यांवरून एकच आडवी रेघ आणि निळ्या शाईत दोन शब्द: "दर नाही". मंगळवारीही तेच. पूर्ण आठवडा तसाच. "असं पान पुन्हा बघायला मिळणार नाही," साहेब म्हणाले.

त्या पानामागची गोष्ट अशी.

दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, जुलै १९४४ मध्ये, अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देशांनी ठरवलं की सगळी चलनं डॉलरला बांधायची आणि डॉलर सोन्याला. एक औंस सोनं म्हणजे ३५ डॉलर. परदेशी सरकारनं किंवा मध्यवर्ती बँकेनं डॉलर आणून दिले की अमेरिकेनं या भावानं सोनं मोजून द्यायचं. यालाच बोलीत सोन्याची खिडकी म्हणत. १९७१ उजाडेपर्यंत अमेरिकेकडे सोनं उरलं होतं दहा अब्ज डॉलरच्या आसपासचं, आणि परदेशी सरकारांच्या हातातले डॉलर त्याहून कितीतरी जास्त. थोडक्यात, सगळे ठेवीदार एकदम आले तर पेढीला टाळं.

आता हे सांभाळायचं कुणी? राष्ट्राध्यक्ष निक्सनला या विषयाचा मनापासून कंटाळा. मार्च १९७० मध्ये त्यानं आपल्या खास माणसांना एक लांबलचक टिपण पाठवलं, माझा वेळ कशावर जावा आणि कशावर जाऊ नये याबद्दल. रशिया, चीन, व्हिएतनाम माझ्याकडे आणा. आंतरराष्ट्रीय चलनाच्या भानगडी मात्र माझ्यापर्यंत नकोत, त्याचे अहवालही नकोत, ते दुसऱ्या कुणाकडे सोपवा. असं त्यात चक्क लेखी आहे.

साहेबानं हात झटकले की खाली काय होतं हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. दावेदार बरेच होते.

पॉल व्होल्कर, ट्रेझरीत (अमेरिकेच्या अर्थखात्यात) अंडर सेक्रेटरी. उंची सहा फूट सात इंच आणि तोंडात स्वस्तातला सिगार. विषय खरा कळणारा हा. निक्सनच्या शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजरच्या कार्यालयातून कागद निघाला आणि चलनविषयक आंतरखाते समिती याच्याकडे आली. तिला व्होल्कर ग्रुपच म्हणत. खिडकी बंद करायची वेळ आली तर काय काय करावं लागेल, याचे कागद त्याच्याकडे तयार असत.

आर्थर बर्न्स, फेडरल रिझर्व्हचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा (फेडचा) अध्यक्ष. पाइप ओढणारा प्रोफेसर, निक्सनचा जुना स्नेही. पण फेडच्या खुर्चीत बसल्यावर तो स्वतःच्या मतानं बोलू लागला. जुलै १९७१ मध्ये त्यानं काँग्रेससमोर सांगितलं की अर्थशास्त्राचे नियम पूर्वीसारखे चालेनासे झालेत. व्हाइट हाऊसमधून लगेच वर्तमानपत्रात पुडी सोडली गेली: बर्न्स स्वतःचा पगार वाढवून मागतोय! म्हणजे दुनियेला महागाईवर उपदेश आणि स्वतः मात्र... खोटी पुडी होती. नंतर निक्सनलाच सारवासारव करावी लागली.

जॉर्ज शुल्ट्झ, बजेट खात्याचा प्रमुख. शिकागोच्या पठडीतला, चलनं मोकळी सोडा, दर बाजाराला ठरवू द्या म्हणणारा. पॉल मॅक्रॅकन आर्थिक सल्लागार मंडळाचा अध्यक्ष. पीटर पीटरसन नावाचा एक उद्योगपती जानेवारी १९७१ मध्ये आणला, त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय आर्थिक धोरणाची नवी परिषद काढली. हुद्दा मोठा, कार्यालय व्हाइट हाऊसमध्ये. कागदावर बघाल तर समन्वय त्यानंच करायचा होता.

आणि मग आला जॉन कॉनली. फेब्रुवारी १९७१ मध्ये अर्थमंत्री. टेक्सासचा माजी गव्हर्नर, तोही विरोधी पक्षाचा! डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्याच गाडीत पुढे बसलेला आणि मरता मरता वाचलेला. पेशानं वकील. देखणा, उंच, बोलायला लागला की समोरचा गप्प. निक्सन त्याच्यावर अक्षरशः भाळला होता. जूनच्या अखेरीस ठरलं की आर्थिक धोरणावर सरकारतर्फे एकच माणूस बोलेल, कॉनली. त्यानं लगेच चार 'नाही' जाहीर केले: वेतन-किंमत मंडळ नाही, नियंत्रणं नाहीत, करकपात नाही, जादा खर्च नाही. त्याआधी मे महिन्यात म्युनिकला बँकवाल्यांसमोर त्यानं ठणकावलं होतं की डॉलरचं अवमूल्यन करणार नाही आणि सोन्याचा भाव बदलणार नाही.

यातले बहुतेक 'नाही' वर्ष संपायच्या आत 'हो' झाले, त्यातले काही तर सात आठवड्यांत.

शुक्रवार, १३ ऑगस्ट. कँप डेव्हिड हे राष्ट्राध्यक्षांचं विश्रामस्थान, तिथल्या ॲस्पेन लॉजची बैठकीची खोली. पंधराएक माणसं. बाहेर फोन करायला बंदी. ब्रिटनकडून त्याच आठवड्यात निरोप आला होता की आमच्याकडच्या डॉलरांना कव्हर द्या, म्हणजे डॉलर पडला तरी आमचं नुकसान होणार नाही अशी हमी द्या. तो निरोप न्यूयॉर्क फेड, मग ट्रेझरी, मग बैठक असा येईपर्यंत "ब्रिटन तीन अब्जांचं सोनं मागतोय" असा झाला. प्रत्यक्षात किती आणि काय मागितलं होतं यावर दोन्हीकडची माणसं पुढे कित्येक वर्षं भांडली.

बर्न्स एकटा विरोधात. त्याचं म्हणणं, बाकी सगळं करा पण खिडकी आज बंद करू नका, आधी वाटाघाटी करा. रशियाचं 'प्रावदा' वर्तमानपत्र उद्या भांडवलशाही कोसळली म्हणून मथळा देईल. कॉनलीचं म्हणणं, करायचं तर सगळं एकदम आणि वाजतगाजत. व्होल्करला खिडकी बंद करणं भाग आहे हे मान्य होतं, पण चेहरा उतरलेला.

एक किस्सा तिथला. निक्सनचा चीफ ऑफ स्टाफ हॉल्डमन यानं विचारलं की ही बातमी आधी कळली तर एखादा किती कमावू शकेल? व्होल्करनं शुल्ट्झला विचारलं, तुमची बजेटमधली तूट किती? आकडा ऐकल्यावर म्हणाला, मला सोमवारी एक अब्ज डॉलर आणि मोकळा हात द्या, तुमची तूट भरून देतो. चलनाच्या डेस्कवर बसलेल्या माणसालाच हा विनोद सुचू शकतो.

रविवारी रात्री नऊला टीव्हीवर भाषण. लोकांची आवडती काउबॉय मालिका त्यासाठी अडवावी लागणार म्हणून निक्सनचा जीव खालीवर होत होता! शेवटी बोलला: सोन्याची खिडकी बंद, आयातीवर दहा टक्के अधिभार, ९० दिवस पगार आणि किमती गोठवल्या, परदेशी मदतीत दहा टक्के कपात.

तेव्हा आपल्याकडे सोमवारी सकाळचे साडेसहा वाजले होते.

आता माझा मुद्दा. त्या खोलीत दोन माणसं नव्हती. परराष्ट्रमंत्री रॉजर्स नव्हता आणि किसिंजरही नव्हता. जगातल्या प्रत्येक देशाच्या चलनावर वरवंटा फिरणार, आणि परदेशाशी बोलणारं खोलीत कुणीच नाही. म्हणून तो निर्णय जसा झाला तसा झाला, असं माझं मत आहे. बोला.

चिंगी_ठाणे

काका, दंडवत! एका दमात वाचलं. एक बाळबोध प्रश्न: ही खिडकी खरोखरची कुठे होती का? की नुसतंच म्हणायला?

जुना_गल्लेवाला

खिडकी म्हणायलाच, पण सोनं खरं. बऱ्याच देशांचं सोनं न्यूयॉर्क फेडच्या तळघरात, लिबर्टी स्ट्रीटवर, जाळीच्या कप्प्यांत ठेवलेलं असे, अजूनही असतं. एका देशानं दुसऱ्याला सोनं दिलं म्हणजे हमालानं विटा गाड्यावर घालून या जाळीतून त्या जाळीत नेऊन रचायच्या. जहाज नाही, काही नाही. फ्रान्ससारखे काही मात्र आपलं सोनं उचलून मायदेशी घेऊन गेले.

गणिती_मोड

लेख रंजक आहे. पण तुम्ही नाटकातल्या पात्रांवर इतके खूश आहात की नाटक कशामुळे घडलं ते राहून गेलं. रॉबर्ट ट्रिफिननं १९६० सालीच सांगितलं होतं: जगाला व्यापारासाठी डॉलर हवेत, ते पुरवायचे तर अमेरिकेनं तूट करायची. तूट केली की डॉलरवरचा विश्वास उडतो. नाही केली तर जगाची चणचण. यातून सुटका नाही. त्यात व्हिएतनाम युद्धाचा खर्च. त्यात मार्च १९६८ मध्येच सोन्याचे दोन भाव झाले होते, सरकारांसाठी ३५ आणि खुल्या बाजारात जो निघेल तो. मे १९७१ मध्ये जर्मनीनं मार्क मोकळा सोडला. पूल पडणारच होता. मुकादम कोण होता याला किती महत्त्व द्यायचं?

जुना_गल्लेवाला

गणिती, खिडकी बंद होणार होती हे एकदम मान्य. तिथे मी भांडत नाही.

पण पूल पडणार हे माहीत असताना वाहतूक आधी थांबवायची की पडल्यावर टोल लावायचा, हे मुकादमच ठरवतो ना? तो दहा टक्के अधिभार ट्रिफिनच्या कुठल्या सूत्रात बसतो? ती कॉनलीची काठी होती. तुम्ही तुमची चलनं महाग करा, मग काठी खाली ठेवतो. भाषणाच्या दुसऱ्या दिवशी व्होल्कर लंडनला गेला युरोपच्या अधिकाऱ्यांशी बोलायला. सगळ्यांनी विचारलं, आता तुमचा प्रस्ताव काय? त्याच्याकडे प्रस्तावच नव्हता. कॉनलीची रीतच ती, आपण आकडा बोलायचा नाही, समोरच्याला घाम फुटू द्यायचा. सप्टेंबरमध्ये लंडनला दहा देशांच्या बैठकीत तो म्हणाला, आम्हाला तेरा अब्ज डॉलरचा फरक पाडून हवा. कसा, ते तुम्ही बघा.

हे सगळं बर्न्सच्या सल्ल्यानं झालं असतं तर शेवट कदाचित तोच, पण मधले चार महिने वेगळे गेले असते.

मंत्रालय_जुनी_इमारत

मी २७ वर्षं एका खात्यात कक्ष अधिकारी होते. मला तुमच्या गोष्टीत सगळ्यात ओळखीचा वाटला तो पीटरसन! हुद्दा समन्वयाचा, खोली चांगली, पण फाइल त्याच्यावरून न जाता थेट वर. आमच्याकडेही अशा 'विशेष कार्य अधिकाऱ्या'च्या जागा निघायच्या. सहा महिन्यांत कळायचं की त्या माणसाकडे फक्त सादरीकरणं उरलीत.

आणखी एक. बैठकीत कोण होतं यापेक्षा मी नेहमी बघते ते इतिवृत्त कुणी लिहिलं. तिथे टिपणं कोण घेत होतं?

जुना_गल्लेवाला

ताई, अचूक नेम. हॉल्डमन रोज रात्री डायरी लिहायचा, त्यात बरंच आहे. भाषण लिहिणारा विल्यम सफायर तिथे होता, त्यानंही पुढे सगळं लिहून ठेवलं. आणि बर्न्सची स्वतःची डायरी बऱ्याच वर्षांनी छापून आली, त्यात निक्सनबद्दल चांगलंच कडवट आहे.

भाषणाचीही गंमत ऐका. पहिला मसुदा व्होल्करनं केला. कुठल्याही देशाचा अधिकारी अवमूल्यनाच्या वेळी करतो तसा: परिस्थिती कठीण आहे, नाइलाज आहे, सहकार्य करा. तो गेला बाजूला. निक्सन आणि सफायरनं जे भाषण केलं त्यात डॉलरवर हल्ला करणारे आंतरराष्ट्रीय सटोडिये आणि त्यांना धडा शिकवणारी अमेरिका. हार झाली होती, पण ढोल विजयाचे वाजवले. आणि दुसऱ्या दिवशी शेअर बाजार उसळला!

पीटरसनचं म्हणाल तर पुढच्याच वर्षी त्याला वाणिज्य खात्यात मंत्री केलं. म्हणजे बढतीच, पण खोलीच्या बाहेर.

टोक्योकर

बावीस वर्षं जपानात आहे, म्हणून थोडी भर. इथे त्याला 'निक्सन शोक्कु' म्हणतात, आणि शोक्कु एक नाही, दोन. १५ जुलैला निक्सननं जाहीर केलं की मी चीनला जाणार. जपानला आधी पत्ता नाही. बरोबर महिन्यानं हे. तेव्हाही पंतप्रधान सातोंना निरोप मिळाला तो भाषणाच्या जेमतेम काही मिनिटं आधी. त्यात तारीख १५ ऑगस्ट, जपानच्या शरणागतीचा दिवस. योगायोग असेल, पण जुन्या लोकांना तो अजून खुपतो.

निक्सन बोलायला लागला तेव्हा टोक्योत सोमवारी सकाळचे दहा वाजलेले आणि बाजार चालू झालेला. युरोपनं आपले बाजार आठवडाभर बंद ठेवले (काकांच्या रजिस्टरातली रेघ!). जपाननं मात्र उघडा ठेवला. एका डॉलरला ३६० येन हा दर १९४९ पासूनचा, त्याला धक्का लागू द्यायचा नाही म्हणून बँक ऑफ जपान येईल तो डॉलर घेत बसली. दोन आठवड्यांत चार अब्जांच्या आसपास डॉलर गळ्यात पडले, मग २८ ऑगस्टला हात टेकले.

३६० च का, यावर इथे एक लाडकी दंतकथा आहे. 'एन' म्हणजे वर्तुळही, आणि वर्तुळाचे अंश ३६०. खरं नाही, पण ऐकायला छान वाटतं.

चिंगी_ठाणे

वर्तुळाचे अंश!! हे मी उद्या ऑफिसात खपवणार.

खवट_पुणेकर

चालू द्या अमेरिकापुराण. मराठी संस्थळावर निक्सनच्या बैठकीत कोण बसलं होतं याची उठाठेव. आपल्या माणसांचं काय?

जुना_गल्लेवाला

खवटराव, तुम्ही येणार हे माहीत होतं, म्हणून राखून ठेवलं होतं.

ब्रेटन वुड्सला हिंदुस्थानचं शिष्टमंडळ गेलं होतं, तेव्हा देश स्वतंत्रही नव्हता. नेता इंग्रज, सर जेरेमी रेझमन. पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते, आपल्या रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख. शण्मुखम चेट्टी होते, ए. डी. श्रॉफ होते. युद्धात ब्रिटननं आपला माल उचलला आणि बदल्यात लंडनच्या खात्यात पौंड लिहून ठेवले, त्या पौंडपावन्याचं काय, हा प्रश्न या लोकांनी तिथे लावून धरला. पदरात फारसं पडलं नाही, पण गप्प बसले नाहीत.

आणि १९७१ च्या ऑगस्टमध्ये भारताचे अर्थमंत्री कोण होते? यशवंतराव चव्हाण.

खवट_पुणेकर

बरं. हे पहिल्या लेखात असतं तर मी तिरकं बोललो नसतो.

गणिती_मोड

तुम्ही? 😀

इतिहासवेडा

एक महत्त्वाचा धागा कुणी पकडलाच नाही अजून. किसिंजर ऑगस्टमध्ये खोलीत नव्हता, बरोबर. पण डिसेंबरमध्ये त्यानंच सूत्रं घेतली, आणि ती तारीख बघा.

शरद ऋतूत युरोपवाले इतके भडकले की नाटोपर्यंत कुरबुर पोहोचली. तेव्हा किसिंजरला जाग आली की कॉनलीची ही दांडगाई आपल्या परराष्ट्र धोरणाची वाट लावणार. बर्न्सही त्याच्या कानाशी लागलेला. ठरलं असं की निक्सन आणि फ्रान्सचा अध्यक्ष पाँपिदू अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर भेटतील, १३ आणि १४ डिसेंबर. पाँपिदू आला काँकॉर्डमधून, तेव्हा ते विमान प्रवाशांच्या सेवेत यायचं होतं, म्हणजे मिरवणंही झालं. पाँपिदू मुरलेला बँकर, रॉथशिल्डकडे काम केलेला. त्याच्यासमोर सोन्याच्या भावावर बोलायला बसला किसिंजर, ज्याला या विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे त्यानं स्वतः कबूल केलंय. तरी तोडगा निघाला: सोनं ३५ वरून ३८ डॉलर. म्हणजे डॉलरचं अवमूल्यन.

आता तारीख. १३-१४ डिसेंबर १९७१. आपलं सैन्य ढाक्याच्या वेशीवर. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालेलं. अझोर्सहून परतताना विमानातच किसिंजरनं पत्रकारांच्या कानात सोडलं की रशियानं भारताला आवरलं नाही तर निक्सनच्या मॉस्कोभेटीचा फेरविचार करू. १६ ला नियाझीनं शस्त्रं ठेवली. १७ ला वॉशिंग्टनमध्ये दहा देशांचे अर्थमंत्री चलनांचे दर ठरवायला बसले. एकाच माणसाच्या टेबलावर एकाच आठवड्यात दोन्ही फाइली.

मंत्रालय_जुनी_इमारत

अंगावर काटा आला. मी तेव्हा सहावीत होते, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावलेले आठवतात. पण मग 'कॉनली एकटाच बोलेल' हे जूनमधलं ठरलेलं, त्याचं काय झालं? त्याला डावललं का?

जुना_गल्लेवाला

इतिहासवेडा, फार छान. ताई, डावललं असं नाही म्हणता येणार. कॉनली स्वतः तोवर वळायला लागला होता. नोव्हेंबरच्या अखेरीस रोमला दहा देशांची बैठक झाली. तिचं अध्यक्षपद पाळीनं अमेरिकेकडे, म्हणजे कॉनली अध्यक्षाच्या खुर्चीत आणि अमेरिकेच्या बाजूनं बोलणार व्होल्कर. सोन्याच्या भावाला हात लावणार नाही ही अमेरिकेची भूमिका तोवर दगडावरची रेघ. आणि चर्चेत सहज बोलल्यासारखं पुढे आलं: समजा, सोन्याचा भाव दहा टक्क्यांनी वाढवला तर तुम्ही काय कराल?

खोलीत शांतता. बराच वेळ कुणी तोंड उघडेना. तीन महिने सगळे ओरडत होते की डॉलर खाली आणा, आणि तो खाली आणायची भाषा झाल्यावर कुणाला बोलवेना, कारण आता आपापला आकडा सांगायची पाळी त्यांच्यावर आली! मला विचाराल तर कॉनलीची पूर्ण कारकीर्द एका बाजूला आणि ती शांतता एका बाजूला. हडेलहप्पी होता, डॉलर आमचा पण डोकेदुखी तुमची असं युरोपियनांना तोंडावर सांगणारा, पण सौदा त्याला कळत होता. म्हणून माझ्याच मूळ मुद्द्याला थोडी मुरड घालतो. एकानं दांडगाई करायची आणि दुसऱ्यानं येऊन समेट घडवायचा, याचा उपयोग झाला. ठरवून केलं असं मात्र मला वाटत नाही.

टोक्योकर

१७-१८ डिसेंबरची ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतली बैठक. तिथला जपानी किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॉनलीला येन १७ टक्क्यांहून जास्त वर जायला हवा होता. अर्थमंत्री मिझुता म्हणाले, १७ हा आकडा आम्हाला जमणार नाही. का? १९३० साली जपान सोन्याच्या चलनावर परतला तेव्हा येन सुमारे १७ टक्क्यांनी वधारला, देशात मंदी आली, आणि ज्या अर्थमंत्र्यानं ते केलं, इनोउए जुन्नोसुके, त्याचा १९३२ मध्ये खून झाला. मिझुतांनी हे सांगितल्यावर समोरच्यांनी काय करावं? ठरलं १६.८८. डॉलरला ३०८ येन.

चिंगी_ठाणे

म्हणजे ते .१२ टक्के मिझुतांच्या जिवाची किंमत! 😳

गणिती_मोड

किस्से मस्तच. पण मग निकाल काय? निक्सननं त्या कराराला जगाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा चलनविषयक करार म्हटलं. तो टिकला चौदा महिने. फेब्रुवारी १९७३ मध्ये डॉलरचं पुन्हा अवमूल्यन, सोनं ४२.२२. मार्चमध्ये सगळी मोठी चलनं तरंगायला लागली. शिकागोवाल्या शुल्ट्झला जे हवं होतं तेच शेवटी झालं. बघा, पुन्हा अर्थशास्त्रच जिंकलं.

जुना_गल्लेवाला

आणि तेव्हा अर्थमंत्री कोण होता? शुल्ट्झच! कॉनलीचा राजीनामा मे १९७२ मध्ये जाहीर झाला, जूनमध्ये शुल्ट्झ त्या खुर्चीत. अर्थशास्त्र जिंकलं की अर्थशास्त्र मानणारा माणूस खुर्चीत बसला? (हलके घ्या.)

शुल्ट्झची पद्धत अगदी वेगळी. आवाज न चढवणारा माणूस. मार्च १९७३ मध्ये त्यानं व्हाइट हाऊसच्या तळमजल्यावरच्या ग्रंथालयात फ्रान्स, जर्मनी, ब्रिटनच्या अर्थमंत्र्यांना बोलावलं. गाजावाजा नाही, पत्रक नाही. त्यांतले दोघे, फ्रान्सचा जिस्कार आणि जर्मनीचा श्मिट, पुढच्या वर्षी आपापल्या देशाचे प्रमुख झाले आणि १९७५ मध्ये फ्रान्समधल्या रांबुयेला त्यांनी तीच बैठक वरच्या पातळीवर भरवली. आजच्या जी-सेव्हनचं मूळ ते.

आणि निक्सन? तो परत पहिल्या जागी. २३ जून १९७२, ब्रिटननं पौंड तरंगता सोडला. हॉल्डमन सांगायला गेला. निक्सनला पत्ताच नव्हता. हॉल्डमन म्हणाला, बर्न्सला इटलीच्या लिराची काळजी वाटते. त्यावर निक्सननं लिराबद्दल जे उद्गार काढले ते इथे लिहिले तर माझा आयडी उडेल. हे सगळं टेपवर आहे. त्याच सकाळच्या टेपवर वॉटरगेटचा तपास सीआयएला पुढे करून कसा थांबवायचा याचं बोलणंही आहे, आणि त्यावरूनच पुढे त्याची खुर्ची गेली. म्हणजे लिरावाला भाग लोकांनी ऐकला तो या पापामुळे.

मंत्रालय_जुनी_इमारत

अवांतर: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कुणी होतं का या सगळ्यात? नियम तर त्यांचे.

इतिहासवेडा

प्रमुख होता फ्रेंच, पिएर-पॉल श्वाइत्झर. त्याला रविवारी संध्याकाळी ट्रेझरीत बोलावून घेतलं आणि निक्सनचं भाषण टीव्हीवर दाखवलं. झाली सल्लामसलत. पुढे त्यानं जाहीरपणे म्हटलं की डॉलरचंही अवमूल्यन व्हायला हवं, ते अमेरिकेला झोंबलं, आणि त्याला पुढची मुदत मिळू दिली नाही.

खवट_पुणेकर

गल्लेवाले, आपल्या रुपयाचं राहिलं. त्या चार महिन्यांत तो कुठे होता? तुमच्या रजिस्टरात बघून सांगा, ऐकीव नको.

जुना_गल्लेवाला

रजिस्टर बँकेचं होतं हो, घरी कसं असेल. शाखा हलवली तेव्हा रद्दीत गेलं असणार. पण आठवतं ते सांगतो.

१९६६ च्या अवमूल्यनापासून डॉलरला साडेसात रुपये आणि १९६७ मध्ये पौंड पडल्यावर पौंडाला अठरा. ऑगस्ट १९७१ मध्ये पौंड हलायला लागल्यावर आपण रुपयाची दोरी डॉलरच्या खुंटीला बांधली, त्याच साडेसातच्या दरानं. डिसेंबरमध्ये स्मिथसोनियनला सगळे आकडे ठरले, डॉलर पडला, आणि आपण परत पौंडाकडे गेलो. दर १८.९६७७. तिथला पौंड २.६०५७ डॉलरचा. भागून बघा, डॉलर ७.२८ च्या आसपास पडतो. म्हणजे रुपया डॉलरपुढे थोडा वधारला होता! आजच्या पोरांना सांगितलं तर वेड्यात काढतील.

चिंगी_ठाणे

चार चार दशांश तुम्हाला अजून पाठ आहेत?

जुना_गल्लेवाला

न राहून कसं चालेल. साहेब ट्रेनीकडून तो भागाकार हातानं करून घ्यायचे, यंत्र वापरायला बंदी. मी पहिल्या दिवशी चुकलो, सातऐवजी आठावर गेलो. त्यांनी काही न बोलता रजिस्टर उघडून डिसेंबरचं पान पुढे केलं. "दर नाही" लिहिणाऱ्या त्याच निळ्या शाईत १८.९६७७, आणि शेजारी पेन्सिलीनं पूर्ण भागाकार मांडलेला. त्यांचाही पहिला चुकलेला होता, खोडून परत केलेला.